दीडशे पौंडांचा कोट

आजचा भाग एका कोटाबद्दल आहे. गडद निळा, लोकरीचा, नौदलाच्या अधिकाऱ्याचा रोजच्या वापरातला कोट. लंडनमध्ये ग्रिनिचला नॅशनल मेरीटाइम म्युझियममध्ये तो काचेआड उभा आहे. डाव्या खांद्यावर सोनेरी पट्टीच्या जवळ एक भोक आहे, बोट जेमतेम शिरेल एवढं. उजव्या बाहीच्या टोकाला एक छोटी लूप शिवलेली आहे, कारण कोट घालणाऱ्याला उजवा हात नव्हता. रिकामी बाही वाऱ्यावर फडफडू नये म्हणून तो ती लूप छातीवरच्या बटणात अडकवून ठेवायचा.

हा होरेशिओ नेल्सन. नेपोलियनच्या काळातला इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला ॲडमिरल. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गरच्या लढाईत हाच कोट अंगावर होता. दुपारी सव्वाच्या सुमारास शेजारच्या फ्रेंच जहाजावरून बंदुकीची गोळी आली आणि साडेचारला तो गेला. लढाई जिंकल्याचं कळल्यावर गेला, एवढंच.

लढाईबद्दल पुस्तकांनी कपाटंच्या कपाटं भरली आहेत, त्यात आज शिरत नाही. मला बोलायचंय ते नंतरच्या दोनशे वर्षांबद्दल. म्हणजे या माणसाच्या वस्तू कुणाच्या हातात गेल्या, कुणी विकल्या, कुणी घेतल्या, कुणी चोरल्या आणि कुणी चक्क खोट्या बनवल्या. संग्राहकांच्या जगात नेल्सन हे फार मोठं नाव आहे. पण या बाजाराची सुरुवात कशातून झाली हे बघितलं की जरा घशाशी येतं. तो कर्जातून सुरू झाला.

ट्रफाल्गरच्या दिवशी, लढाई तोंडावर आलेली असताना, नेल्सनने मृत्युपत्राला एक पुरवणी जोडली. एमा हॅमिल्टन ही त्याची प्रेयसी. लग्नाची बायको वेगळी होती. एमापासून झालेली मुलगी होरेशिया तेव्हा जेमतेम पावणेपाच वर्षांची. पुरवणीत त्याने लिहिलं की मी एमाला माझ्या राजाच्या आणि देशाच्या हवाली करतो, तिचा मान राहील एवढी सोय करा. मुलीसाठीही त्याच कागदात विनंती होती. लढायला जाताना देशाकडे त्याने मागितलं ते एवढंच.

देशाने काय केलं? त्याचा भाऊ विल्यम, हा पाद्री, त्याला अर्ल केलं. वर्षाला ५,००० पौंड पेन्शन, तीही वंशपरंपरेने, आणि इस्टेट घ्यायला मोठी रक्कम वेगळी. ही पेन्शन थेट १९४७ मध्ये कायदा करून बंद करावी लागली, बघा! बहिणींनाही पैसे मिळाले. एमाला सरकारकडून एक पैसा नाही.

आता एमाचीही बाजू सरळ सांगतो, नाहीतर ती बिचारी आणि बाकी सगळे दुष्ट असं होईल. ती कफल्लक नव्हती. नवऱ्याने, सर विल्यम हॅमिल्टनने, वर्षाला ८०० पौंडांची सोय केली होती. नेल्सनने मर्टनचं घर, २,००० पौंड रोख आणि आपल्या सिसिलीतल्या जहागिरीतून वर्षाला ५०० पौंड ठेवले होते. ते ५०० वेळेवर येत नसत, हे खरं. पण बाईंचा हात सढळ. पाहुणे, मेजवान्या, पत्ते. तीन-चार वर्षांत मर्टन विकायला निघालं. १८१३ मध्ये कर्जापायी किंग्ज बेंच तुरुंगाची पाळी आली. आणि मग घरातल्या नेल्सनच्या वस्तू एकेक करून बाहेर पडू लागल्या.

त्यात हा कोट. लढाईनंतर तो एमाकडे परत आला होता. जोशुआ जोनाथन स्मिथ नावाचा लंडनचा एक आल्डरमन, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकासारखा शहरातला प्रतिष्ठित माणूस, त्याने तिला पैशांची मदत केली होती. त्या उपकारांच्या बदल्यात कोट आणि आतलं जाकीट त्याच्याकडे गेलं. १८१४ मध्ये एमा होरेशियाला घेऊन समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये कॅले गावी पळून गेली. आणि जानेवारी १८१५ मध्ये तिथेच वारली. तेव्हा होरेशियाला चौदा वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

कोट पुढे तीस वर्षं स्मिथच्या घरात. मग १८४५. सर निकोलस हॅरिस निकोलस हे त्या वेळी नेल्सनच्या पत्रांचे सात खंड संपादित करत होते. त्यांना शोधता शोधता स्मिथच्या विधवेकडे हा कोट सापडला. तिला पैशांची गरज होती, तिने १५० पौंड सांगितले. निकोलस यांनी वर्गणी काढायचं ठरवलं, पत्रकही छापलं. ते राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्या कानावर गेलं. तो म्हणाला, वर्गणी नको, मी घेतो. घेतला आणि ग्रिनिचच्या खलाशांच्या हॉस्पिटलला देऊन टाकला.

गोड शेवट, नाही का? फक्त एक गोष्ट. त्या वर्षी होरेशिया जिवंत होती. केंटमधल्या टेंटरडेन गावी एका पाद्र्याची बायको, पोरांचं मोठं लटांबर. आपण नेल्सनची मुलगी आहोत हे सिद्ध करण्यासाठी कागदपत्रं जमवत होती, आणि त्या कामात तिला मदत करणारे हेच निकोलस. बापाचा कोट राष्ट्राचा झाला, पण ती कुणाची हे तेव्हाही ठरायचं होतं.

हे सांगितलं कारण संग्राहक मंडळी ज्याला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात ते म्हणजे नेमकं हेच. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, त्याचा सातबारा. आणि जमिनीच्या सातबाऱ्यात जशी भांडणं दडलेली असतात, तशी यातही असतात. नेल्सनच्या वस्तूंचा सातबारा मागे मागे वाचत गेलात तर बऱ्याच ठिकाणी कर्ज, वाटणी किंवा वारसांची चणचण लागते. अर्ल झालेल्या भावाच्या वंशजांनीही १८९५ मध्ये वस्तू लिलावात काढल्याच.

कोट खरा कशावरून, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर फार सुंदर आहे. नेल्सनला लागलेली गोळी डॉक्टर विल्यम बीटीने काढून ठेवली होती. ती पुढे काचेच्या लॉकेटमध्ये बसवली गेली, बीटीनंतर राणी व्हिक्टोरियाकडे आली आणि आज विंडसर कॅसलमध्ये आहे. त्या गोळीला सोनेरी जरीचे आणि खांद्यावरच्या पट्टीच्या आतल्या गादीचे तुकडे चिकटलेले आहेत. बीटीने हे लिहूनही ठेवलं आहे. आणि ग्रिनिचच्या कोटाला नेमकी तिथलीच जर नाही! दोन वस्तू, दोन वेगळ्या इमारती, दोन वेगळे मालक, आणि एक दुसरीची साक्ष देते.

आणखी एक. कोटावर रक्ताचे डाग आहेत. लोक ते हळहळत बघतात, ‘नेल्सनचं रक्त’. पण ते बहुधा त्याचं नव्हेच. त्याचा सेक्रेटरी जॉन स्कॉट थोड्याच वेळापूर्वी तोफेच्या गोळ्याने तिथेच डेकवर मारला गेला होता, आणि नेल्सन कोसळला तो नेमका त्याच जागी. नेल्सनचा रक्तस्राव मुख्यतः शरीराच्या आत झाला. म्हणजे आपण ज्याला वंदन करतो ते रक्त एका कारकुनाचं असण्याची शक्यता जास्त. मला वैयक्तिक विचाराल तर यामुळे कोटाची किंमत वाढते, कमी होत नाही.

त्याच्या छातीवरच्या चार ताऱ्यांबद्दलही एक दंतकथा आहे. बाथचा मानाचा तारा, तुर्कस्तानचा चंद्रकोरीचा, नेपल्सचा सेंट फर्डिनंडचा आणि जर्मनीतला सेंट जोआकिमचा. अंगावर झळझळीत पदकं लावून तो मुद्दाम मरायला उभा राहिला, असं सांगतात. कोट बघितला की कळतं, ते तारे जरीने आणि टिकल्यांनी भरतकाम करून कोटावर शिवलेले आहेत. रोजच्या कोटावर कायमचे. त्या दिवशी त्याने वेगळं काही लावलं नव्हतं, नेहमीचा कोट चढवला होता. एक कापड नीट बघितल्यावर एक आख्खी दंतकथा गळून पडते ती अशी.

मग खरे, रत्नजडित मान कुठे गेले? त्यातल्या सगळ्यात देखण्या वस्तूची गोष्ट ऐका. १ ऑगस्ट १७९८ ला इजिप्तच्या किनाऱ्यावर, अबुकीरच्या खाडीत, नेल्सनने नेपोलियनचं आरमार उद्ध्वस्त केलं. इंग्रज त्याला नाईलची लढाई म्हणतात. तुर्कस्तानचा सुलतान तिसरा सलीम इतका खूश झाला की त्याने आपल्या खजिन्यातला ‘चेलेंक’ पाठवला. चेलेंक म्हणजे आपल्या भाषेत पगडीवरचा हिऱ्यांचा तुरा. तीनशेहून जास्त हिरे, शत्रूची तेरा जहाजं गेली म्हणून तेरा किरणं, आणि मधला हिरा घड्याळाच्या चावीने गोल फिरायचा! नेल्सनने तो आपल्या नौदलाच्या टोपीवर लावला आणि लंडनमध्ये लोक हसले. आपण हसलो नसतो. शिरपेच-कलगी आपल्याला सवयीची, पण इंग्रजी टोपीवर तुरा म्हणजे त्यांना नाटकातला राजा वाटला.

हा तुरा १९२९ मध्ये देणग्यांतून देशासाठी विकत घेतला गेला आणि ग्रिनिचला आला. जून १९५१ मध्ये एका रात्री जॉर्ज चॅटम नावाचा लंडनचा नावाजलेला घरफोड्या खिडकीतून शिरला आणि घेऊन गेला. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की हिरे सुटे करून किरकोळीत विकले. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू हिऱ्यांच्या वजनावर गेली. आता जुन्या चित्रांवरून बनवलेली प्रतिकृती तेवढी बघायला मिळते.

नाईलच्या लढाईचा आणि आपला संबंध आहे, तो सांगूनच पुढे जाऊ. नेपोलियन इजिप्तमध्ये कशाला आला होता? इंग्रजांना धास्ती होती की इथून हा हिंदुस्थानात उतरणार आणि टिपूला मिळणार. म्हणून लढाई जिंकल्यावर नेल्सनने काय करावं? डुव्हाल नावाच्या लेफ्टनंटला खुष्कीच्या मार्गाने, अलेप्पो, बगदाद, बसरा करत थेट मुंबईला पिटाळलं. फ्रेंचांचं आरमार संपलं, आता तयारीवर उगाच खर्च करू नका, असा निरोप. ईस्ट इंडिया कंपनीने या कामाबद्दल नेल्सनला १०,००० पौंड बक्षीस दिलं. कंपनीला पैसा कुठून मिळत होता ते इतिहास ऐकणाऱ्यांना सांगायला नको. आणि मुंबई नेल्सनला नवी नव्हतीच. सतराव्या वर्षी सीहॉर्स जहाजावरचा पोरगेला मिडशिपमन म्हणून तो याच किनाऱ्यावर होता. तापाने इतका खंगला की १७७६ मध्ये त्याला डॉल्फिन जहाजावर घालून घरी पाठवावं लागलं.

याच लढाईची पदकं आजही बाजारात येतात, आणि साध्या संग्राहकाने सुरुवात करायची तर इथून. ही सरकारने काढलेली नाहीत. नेल्सनचा मित्र अलेक्झांडर डेव्हिसन, ज्याला पकडलेल्या जहाजांच्या विक्रीचं काम मिळालं होतं, त्याने स्वतःच्या खिशातून काढली. बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतली. ॲडमिरल आणि कॅप्टनांना सोन्याचं, लेफ्टनंटांना चांदीचं, त्याखालच्यांना सोनेरी मुलाम्याचं आणि साध्या खलाशांना तांब्याचं. लढाईतल्या प्रत्येक माणसाला पदक, ही त्या काळात अजब गोष्ट होती. कडेवर डेव्हिसनचं नाव कोरलेलं असतं. कड कोरी असेल तर हात आखडता घ्यायचा.

सरकारला खलाशांची आठवण व्हायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. १८४० च्या दशकाच्या अखेरीस नेव्हल जनरल सर्व्हिस मेडल आलं, त्यावर ‘ट्रफाल्गर’ अशी पट्टी. पण अट अशी की माणूस जिवंत पाहिजे आणि त्याने अर्ज केला पाहिजे. १८०५ मध्ये विशीत असलेला खलाशी, साठीच्या पुढे पोचलेला, आणि त्याला ही बातमी कळलेली. विचार करा किती उरले असतील. या पदकांच्या कडेवर मात्र माणसाचं नाव आहे, आणि म्हणून ती मला सगळ्यात जास्त आवडतात. नाव घ्यायचं आणि लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जहाजाचे हजेरीपट उघडायचे. तिथे ट्रफाल्गरला हजर असलेल्या १८,००० हून अधिक लोकांची यादी तयार आहे. वय, जन्मगाव, हुद्दा. नेल्सनच्या स्वतःच्या व्हिक्टरी जहाजावर हिंदुस्थानात जन्मल्याची नोंद असलेले खलाशीही निघतात.

आता पत्रं. नेल्सनने पत्रं अफाट लिहिली, त्यामुळे मिळतात, आणि म्हणूनच खोटीही मिळतात. ओळखायचं कसं, तर त्याचं शरीरच पुरावा देतं. जुलै १७९७ मध्ये टेनेरीफला त्याचा उजवा हात गेला. त्याआधीचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, वळणदार. नंतरचं डाव्या हाताचं, शिकाऊ पोरासारखं, मग हळूहळू ठाम झालेलं. १७९५ ची तारीख आणि डाव्या हाताचं अक्षर दिसलं की पत्र सरळ परत द्यायचं. सहीही बदलत जाते. आधी पूर्ण नाव. १७९८ च्या अखेरीस लॉर्ड झाल्यावर नुसतं ‘नेल्सन’. १७९९ मध्ये सिसिलीत ब्रोन्टेची जहागीर मिळाली, मग ‘ब्रोन्टे नेल्सन’. १८०१ पासून ‘नेल्सन आणि ब्रोन्टे’. शिवाय १७९४ नंतर इंग्रजी कागदाच्या वॉटरमार्कमध्ये कराच्या नियमामुळे साल यायला लागलं, तेव्हा कागद उजेडात धरायचा. पत्र १८०३ चं आणि कागदात १८०७, असंही होतं.

एक इशारा. आजोबांच्या ट्रंकेत ७ नोव्हेंबर १८०५ चा ‘टाइम्स’ सापडला, ट्रफाल्गरची बातमी असलेला, तर नाचू नका. त्या अंकाच्या हुबेहूब प्रती नंतर इतक्या छापल्या गेल्या की खरा सापडणं म्हणजे लॉटरी.

आणि मग लाकूड! १९०५ मध्ये ट्रफाल्गरला शंभर वर्षं झाली, तेव्हा व्हिक्टरी जहाजातून निघालेलं ओकचं लाकूड आणि तांबं खलाशांच्या एका धर्मादाय संस्थेला मिळालं आणि त्याच्या आठवणवस्तू बनवून विकल्या गेल्या. त्या वस्तू खऱ्याच आहेत. पण हे जहाज १८१४ ते १८१६ मध्ये मोठ्या प्रमाणात नव्याने बांधलं गेलं होतं. म्हणजे १९०५ ला निघालेली फळी ट्रफाल्गरनंतर बसवलेली असू शकते. जहाज खरं, फळी खरी, पण तिने नेल्सनला पाहिलं नाही. आता याला खरं म्हणायचं का? मी म्हणेन, खरं म्हणा, पण किंमत कमी द्या.

खोट्यांचा मुकुटमणी वेल्समध्ये मॉनमथला आहे. लेडी लँगॅटॉक या बाईंनी, रोल्स-रॉइसमधल्या रोल्सच्या आई, आयुष्यभर नेल्सनच्या वस्तू जमवल्या. १९२३ मध्ये त्या गेल्या आणि संग्रह गावाला मिळाला. त्यात नेल्सनची तलवार आहे, पत्रं आहेत, आणि एक काचेचा डोळा आहे. गंमत अशी की नेल्सनने काचेचा डोळा कधी वापरलाच नाही. १७९४ मध्ये कॉर्सिकात काल्वीला त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, डोळा जागेवर होता. डोळ्यावरची ती काळी पट्टीही नंतरच्या लोकांची. पण कुणीतरी डोळा बनवला, कुणीतरी श्रद्धेने विकत घेतला. म्युझियमचं मला कौतुक वाटतं ते याचं, की त्यांनी तो लपवला नाही, खोट्या वस्तूंमध्ये मांडला.

फोड्रॉयंट जहाजाचा किस्सा आपल्या कामाचा आहे. १७९९-१८०० मध्ये हे नेल्सनचं मुख्य जहाज. नौदलाने ते भंगारात विकलं, ते जर्मनीत गेलं, इंग्लंडमध्ये बोंब झाली, तेव्हा व्हीटली कॉब नावाच्या धनिकाने ते परत विकत घेतलं. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटलं. मग काय, लाकडाचं फर्निचर, तांब्याची पदकं, नुसता सुळसुळाट. कॉबने जहाजाच्या जागी दुसरं जुनं जहाज घेतलं आणि त्यालाच फोड्रॉयंट नाव दिलं. हे दुसरं जहाज म्हणजे ट्रिंकोमाली. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं! नेल्सन जाऊन बारा वर्षं झाल्यावर पाण्यात उतरलेलं मुंबईचं जहाज जवळजवळ शंभर वर्षं नेल्सनच्या जहाजाचं नाव लावून उभं होतं. १९९२ मध्ये त्याला स्वतःचं नाव परत मिळालं. आज ते हार्टलपूलला तरंगतंय, आणि सागवान अजून शाबूत आहे.

किमतींचं विचारता? एकच सांगतो. ट्रफाल्गरला स्पार्शिएट जहाजावर फडकलेला झेंडा खलाशांनी आपल्या लेफ्टनंटला, जेम्स क्लेफनला, प्रेमाने दिला होता. २१ ऑक्टोबर २००९ ला तो लिलावात आला. अंदाज होता दहा-पंधरा हजार पौंडांचा. गेला ३,८४,००० ला.

झेंड्यांवरून आठवलं. ९ जानेवारी १८०६ ला सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये नेल्सनला पुरलं. व्हिक्टरीच्या खलाशांनी जहाजाचा झेंडा नीट घडी करून शवपेटीवर ठेवायचा, असं ठरलेलं. ऐन वेळी खलाशांनी तो टराटरा फाडला आणि प्रत्येकाने एकेक तुकडा खिशात टाकला. सरदार-उमराव बघतच राहिले. त्या चिंध्या आज लिलावात चौकटीत बसून येतात. पण माझ्या मते सगळ्या संग्राहकांत सच्चे तेच. त्यांनी विकण्यासाठी घेतलं नव्हतं.

त्याच सुमारास सोनार जॉन सॉल्टरने ५८ शोकाच्या अंगठ्या बनवल्या, नातेवाईक आणि मित्रांसाठी. आणि नेल्सनच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे त्याचे केस कापून एमाला पाठवले गेले. पाठीवर रुळणारी ती खलाशी वेणी एमाच्या सगळ्या पडझडीतून टिकली, होरेशियाकडे आली. तिने ती जपली. १८८१ मध्ये होरेशिया गेली. वेणी ग्रिनिचला पोचली ती देणगी म्हणून. कोट आहे त्याच म्युझियममध्ये आहे.